फेडलेल्या नोटा दुर्मीळ, बुडालेल्या नोटा मुबलक

अमेरिकेतल्या वसाहतकालीन नोटा जमवू लागलं की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. ज्या सरकारांनी शब्द पाळला, त्यांच्या नोटा मिळता मिळत नाहीत. ज्यांनी मोडला, त्यांच्या मात्र भरपूर उरल्या आहेत.

सुरुवात १६९० सालची. सर विल्यम फिप्स यांची फ्रेंचांच्या ताब्यातल्या क्विबेकवरची मोहीम फसली आणि सैनिक बोस्टनला रिकाम्या हाताने परतले. लुटीतून त्यांचा पगार भागेल, असा हिशेब होता. तिजोरीत चांदी नव्हती. तेव्हा मॅसॅच्युसेट्स या ब्रिटिश वसाहतीने छापील कागद वाटले आणि कराच्या भरण्यात ते परत घेण्याची हमी दिली. पाश्चात्त्य जगातलं हे पहिलं सरकारी कागदी चलन मानतात. पुढे इतर वसाहतींनीही हाच मार्ग धरला, कारण नाणी इंग्लंडच्या मालापायी बाहेर जात होती. कराच्या रूपाने परत आलेल्या नोटा जाळून टाकत. सुरुवातीच्या नोटा म्हणूनच आज इतक्या दुर्मीळ आहेत.

बनावट नोटांचा धोका पहिल्यापासून होता. ‘नक्कल करणाऱ्यास मृत्युदंड’ अशा अर्थाची ताकीद अनेक नोटांवर छापलेली असे. त्याहून पक्का उपाय बेंजामिन फ्रँकलिन यांनी शोधला. झाडाच्या खऱ्या पानाचा साचा घेऊन त्यावरून धातूचा ठसा ओतायचा आणि तो नोटेच्या मागे उमटवायचा. पानाच्या शिरा कुठे जाड, कुठे केसासारख्या बारीक. हाताने कोरून तशी नक्कल साधणं जवळजवळ अशक्य. अशी नोट भिंगाखाली एकदा तरी पाहावी.

ब्रिटिश पार्लमेंटने १७५१ आणि १७६४ च्या कायद्यांनी या चलनावर बंधनं आणली. वसाहतींच्या रोषात त्याचीही भर पडली.

१७७५ मध्ये ब्रिटनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. काँग्रेसकडे, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेकडे, कर बसवायचा अधिकारच नव्हता, म्हणून ती नोटा छापत सुटली. १७७९ अखेरपर्यंत हा आकडा सुमारे २४ कोटी डॉलरवर गेला. त्यात ब्रिटिशांनी बनावट नोटाही पसरवल्या. १७८० मध्ये काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर हा दर मान्य केला, आणि १७९० च्या कायद्याने तर शंभराला एक डॉलर मिळाला, तोही सरकारी रोख्यांत. कित्येकांनी नोटा परत केल्याच नाहीत. घरोघरी पडून राहिलेल्या त्याच आज संग्राहकांच्या हाती येतात.

त्यांतली १७७६ ची अपूर्णांकी, म्हणजे एका डॉलरहून कमी किमतीची, नोट मला सर्वांत प्रिय. एका बाजूला सूर्य आणि सूर्यघड्याळ, दुसरीकडे तेरा वसाहतींच्या एकमेकांत गुंफलेल्या तेरा कड्या. क्रमांक आणि सही शाईने, हातानेच केलेली. सहीवरूनही किंमत बदलते. न्यू जर्सीच्या १७७६ च्या काही नोटांवर जॉन हार्ट यांची सही आहे. त्याच वर्षी त्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली, त्यामुळे त्या नोटांना विशेष मागणी असते.

विषयाला शिस्त आणली नाणी-नोटांचे अमेरिकन अभ्यासक एरिक न्यूमन यांनी. १९६७ मध्ये आलेल्या त्यांच्या सूचीग्रंथाचा आधार संग्राहक आणि लिलाव करणारे आजही घेतात.