फुगडी

फुगडी म्हणजे दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरून, पाय जवळ ठेवून, अंग मागे टाकून गरगर फिरायचा खेळ. महाराष्ट्रात आणि गोव्यात तो सगळीकडे आहे. काही ठिकाणी फुगडी "खेळतात", काही ठिकाणी "घालतात". बायकांचा खेळ म्हणूनच त्याची ओळख, पण वारीत गेलात तर धोतरटोपीवाले आजोबाही घालताना दिसतील, त्याबद्दल पुढे येतंच. लोकनृत्य, व्यायाम, व्रताचा भाग अशा सगळ्या खणांत फुगडी बसवता येते. मला विचाराल तर ती सगळ्यात आधी एक निमित्त आहे. ज्या बाईला दिवसभरात स्वतःसाठी दहा मिनिटं मिळत नव्हती तिला देवाच्या नावाने मोकळं हसायला, ओरडायला, केस सुटेपर्यंत नाचायला मिळालेलं निमित्त.

आधी ती घालतात कशी ते बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. समोरासमोर उभं राहायचं, दोघींचे चवडे जवळजवळ चिकटलेले. हातांची फुली करायची म्हणजे उजव्या हातात उजवा आणि डाव्यात डावा. नुसती बोटात बोटं अडकवली तर घामाने सुटतात, म्हणून जाणत्या बायका मनगटापाशी धरतात. मग कोपर सरळ करायचे आणि मागे झुकायचं. नवीन बाई अडकते ती इथेच, कारण ती झुकत नाही. पडायची भीती वाटते म्हणून कोपर वाकवून समोरचीला जवळ ओढते, अंग पुढे येतं, पाय एकमेकांत अडकतात आणि दोघी धडपडतात. फुगडीत उलटं आहे सगळं, जितकं मागे जाल तितकं नीट उभ्या राहाल, कारण तुमचं वजन समोरचीने धरलेलं असतं आणि तिचं तुम्ही. एकटीने असं मागे झुकून बघा, पाठीवर पडाल.

हिशोबच करायचा तर दोघींचं वजन 60-60 किलो धरा, दीड सेकंदात एक फेरी होतेय आणि शरीराचा मध्य फिरण्याच्या मध्यापासून साधारण 45 सेंटीमीटर लांब आहे असं समजा, तर प्रत्येकीला आत ओढून ठेवायला जवळपास 48 किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. हा जोर येतो तो हातांवरच. वेग दुप्पट केला की हा जोर चौपट होतो. म्हणजे रोज कणीक मळणाऱ्या, बादल्या उचलणाऱ्या हातात किती ताकद आहे ते तिथे कळतं, एरवी कोण मोजायला बसलंय.

फिरताना बघायचं समोरचीच्या तोंडाकडे. हा नियम कोणी शिकवत नाही, आपोआपच होतो, पण त्याला कारण आहे. समोरचीचा चेहरा आपल्याबरोबरच फिरत असतो म्हणून तेवढा एक स्थिर दिसतो, बाकी भिंती, दिवे, बसलेल्या बायका सगळ्यांच्या रेघा झालेल्या असतात. नजर तिकडे गेली की गरगरलंच समजा. थांबल्यावरही डोकं फिरत राहतं कारण कानाच्या आतल्या नळ्यांमधलं पाणी लगेच थांबत नाही, ते आणखी थोडा वेळ वाहत राहतं आणि मेंदूला वाटतं आपण अजून फिरतोय. चक्कर उतरवायला म्हणून काही जणी लगेच चार फेऱ्या उलट्या घेतात.

फुगडीला ताल लागतो तो तोंडानेच. "फू" असा वाऱ्यासारखा आवाज किंवा पकवा, म्हणजे तोंडाने काढलेला ठेक्याचा आवाज, धरतात, आणि मध्ये मध्ये एकमेकींना डिवचणारे दोन-दोन ओळींचे उखाणे. तू दमलीस का, तुझ्या सासरी काय खायला देत नाहीत का, असली सगळी छेडाछेडी. सासू, नणंद, दीर, नवरा सगळ्यांचा हिशोब या गाण्यांत निघतो, आणि सासू तिथेच बसलेली असते, हसत असते. एरवी तेच वाक्य स्वयंपाकघरात बोललं असतं तर आठवडाभर अबोला.

प्रकार तर इतके आहेत की एका बैठकीत संपत नाहीत आणि गावागणिक नावं बदलतात. उभी फुगडी ही साधी. बस फुगडीत उकिडवं बसून एकेक पाय पुढे टाकत उड्या मारायच्या, मांड्यांचा जीव जातो, जिमवाले स्क्वॉट म्हणून जे करून घेतात त्याच्यापेक्षा अवघड. दंड फुगडीत हात न धरता एकमेकींचे दंड धरायचे. नखुल्यांच्या फुगडीत नुसती बोटांची टोकं अडकवायची, ही दिसते साधी पण सगळ्यात जास्त विश्वास हिलाच लागतो. एका हाताची, तिघींची, चौघींची, लोळण फुगडी, जातं... हे झिम्मा, पिंगा, लाट्या, गाठोडं वगैरे बाकीच्या खेळांत मिसळून खेळतात, म्हणून बोलताना "झिम्मा-फुगडी" असा जोडशब्दच झालाय.

कधी खेळतात? पावसाळ्यात, जवळजवळ सगळं तिथेच. नागपंचमी, श्रावणातल्या मंगळवारची मंगळागौर, भाद्रपदातल्या गौरी. मंगळागौर लग्नानंतरची पहिली पाच वर्षं पुजायची, सकाळी पूजा, रात्री जागरण, आणि जागरणात खेळ. नवी नवरी असायची तेरा-चौदा वर्षांची, माहेर सुटलेलं, घरात मोठ्याने बोलायची सोय नाही. त्या एका रात्री तिला सगळं माफ. देवीला जागवायचंय ना, मग आवाज होणारच! कोल्हापूर-सांगलीकडे पंचमी आणि गौरीला गावातल्या बायका गल्लीत, पटांगणात खेळतात, तिथे घागर घुमवणं आणि सूप नाचवणंही सोबत असतं. कोकणात गणपतीच्या दिवसांत घराघरात. गोव्यात फुगडी ही नाचासारखी, गणेश चतुर्थीच्या आसपास, गोल करून किंवा समोरासमोर रांगा धरून, सुरुवातीला देवाला नमन आणि शेवटी वेग इतका की गाणं मागे पडतं आणि नुसता "फू" उरतो.

वारीतली फुगडी वेगळी. देहू-आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या पालख्यांत विसाव्याच्या ठिकाणी टाळ-मृदंग चालू असतानाच दोन माणसं पुढे येतात, आधी एकमेकांच्या पाया पडतात आणि हात धरून फिरायला लागतात. बाई-बाई, पुरुष-पुरुष, कधी बाई आणि पुरुषही. सत्तरीची म्हातारी आणि कॉलेजातली पोरगी. बंदोबस्तातले पोलीससुद्धा ओढले जातात आणि पुढारी तर दरवर्षी फोटोत असतातच, त्यांचं काय सांगायचं. एकनाथांच्या भारुडांत आणि तुकोबांच्या गाथेत फुगडीवर रचना आहेत, म्हणजे खेळ किमान चारशे वर्षं जुना, आणि तेव्हाच संतांना त्यात लाज सोडण्याचं, मीपण टाकण्याचं रूपक दिसलं होतं. मला वारीची फुगडी जास्त आवडते कारण तिथे कोणाला वगळत नाहीत. मंगळागौरीत तसं नव्हतं. तो सवाशिणींचा कार्यक्रम, विधवा बाईने मागच्या खोलीत बसायचं आणि आवाज ऐकायचे, आणि मंगळागौर म्हणून जी आपल्या डोळ्यासमोर येते ती बरीचशी ब्राह्मणी घरांतली, हेही स्पष्टच म्हटलेलं बरं. आनंदाला जागा दिली खरी, पण दारात यादी धरून माणूस उभा होता. आता बऱ्याच ग्रुपमध्ये ते बंधन गेलंय, काही ठिकाणी अजून "तसं नको, लोक काय म्हणतील" चालतंच.

आता फुगडीने आत्मविश्वास कसा येतो त्याबद्दल. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली एक मांडणी केली, की "हे मला जमेल" हा विश्वास माणसात येतो तो मुख्यतः चार वाटांनी. स्वतः करून बघितलं आणि जमलं, ही सगळ्यात पक्की वाट. आपल्यासारखंच कोणीतरी करताना दिसलं, ही दुसरी. कोणीतरी "अगं जमेल तुला" म्हणालं, ही तिसरी. आणि धडधड, घाम, थरथर याचा आपण अर्थ काय लावतो, ही चौथी. त्याच्या डोक्यात फुगडी असण्याचं काही कारण नाही, पण आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी हे चारही एका संध्याकाळी बघितलेत.

झालं असं की श्रावणात कार्यक्रम ठरला म्हणून रात्री जेवणं उरकून साडेनऊला प्रॅक्टिस सुरू झाली. एक काकू होत्या, अठ्ठावन्नच्या, त्या रोज यायच्या आणि खुर्चीवर बसायच्या, सगळ्यांच्या पर्स आणि मोबाईल मांडीवर घेऊन. "मला चक्कर येते गं, तुम्ही खेळा, मी बघते." पाच-सहा दिवस असंच गेलं. मग त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या काकू, चांगल्या जाडजूड, त्यांनी फुगडी घातली आणि पडल्या नाहीत. त्या धापा टाकत आल्या, पर्सचा ढीग उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनी उठा, मी धरते ना, सोडणार नाही." पहिल्या खेपेला दोन फेऱ्या झाल्या, काकूंचे कोपर वाकलेलेच, डोळे मिटलेले. "डोळे उघडा, माझ्याकडे बघा," असं तीन वेळा सांगावं लागलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कधीतरी कोपर सरळ झाले. ते दिसतं हो बघणाऱ्याला, एकदम दोरी ताणल्यासारखं होतं आणि वेग आपोआप वाढतो. थांबल्यावर त्या खाली फतकल मारून बसल्या, छाती धडधडतेय, अंबाडा सुटलाय, आणि इतक्या हसत होत्या की डोळ्यातून पाणी. आठवडाभर आधी हीच धडधड झाली असती तर त्यांनी बीपीची गोळी शोधली असती. दुसऱ्या दिवशी काही त्यांचं आयुष्य वगैरे बदललं नाही, सकाळी साडेसहाला दूध घ्यायला खाली आल्याच, फक्त संध्याकाळी खुर्चीवर बसल्या नाहीत आणि पर्स मात्र मला सांभाळायला दिल्या.

हल्ली मंगळागौरीचे ग्रुप हा मोठाच प्रकार झालाय. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक कुठेही बघा, नऊवारी, नथ, एकसारखे ब्लाऊज, ढोलकीवाली, आणि दीड-दोन तासांचा बांधीव कार्यक्रम. बोलावणाऱ्यांकडून मानधन घेतात, त्यात काही गैर नाही, उलट चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा स्वतःच्या कलेचे पैसे हातात येणं ही काय लहान गोष्ट आहे का. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही हे खेळ होतात, फक्त तिकडे मंगळवार शनिवारी येतो. तक्रार एकच, ग्रुप जितका तयारीचा तितक्या बाकीच्या बायका प्रेक्षक होत जातात. घरची नवरी सोफ्यावर बसून मोबाईलवर शूटिंग करते आणि खेळतं कोण तर बाहेरून आलेल्या बारा जणी. स्पर्धांचंही तसंच, नंबर आला की चुकण्याची भीती आली, आणि चुकल्यावर खिदळणं हाच तर निम्मा खेळ होता. चांगले ग्रुप शेवटची वीस मिनिटं प्रेक्षकांना आत ओढायला ठेवतात, खरा कार्यक्रम तोच असतो.

सणाची वाट बघायलाच हवी असंही नाही. मुली शाळेच्या मधल्या सुट्टीत घालतात, आणि बहिणी-बहिणी खूप दिवसांनी भेटल्या की एखादी फेरी होतेच, भांडी तशीच पडलेली असताना. मागे स्वयंपाकघरात मावशी आणि आईने घातली होती, ओट्याला लागून जेमतेम सहा फूट जागा, कोपर फ्रिजला आपटलं आणि वरचा डबा खाली आला. पोहे सगळीकडे.

काळजी घ्यायची ती एवढीच. पूर्वी सारवलेलं अंगण असायचं, आता टाइल्स, म्हणून मोजे घालून अजिबात खेळू नये, अनवाणीच बरं, आणि जमीन ओली नको. नऊवारीचा काष्टा घट्ट, पाचवारी असेल तर पदर आणि निऱ्या खोचलेल्या. बांगड्या काचेच्या असतील तर काढून ठेवा, फुटून मनगटात घुसतात. गरोदर बाईने, गुडघ्याचं किंवा मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनी, आणि ज्यांना बसल्या जागीही चक्कर येते त्यांनी उभी फुगडी घालू नये, गाणी म्हणावीत, टाळ्या द्याव्यात. सगळ्यात जास्त पडापडी होते ती थांबताना, कारण दमलेली बाई आधी हात सोडते आणि दुसरी भिंतीवर जाते. आधी पाय हळू करायचे, मग कोपर वाकवून जवळ यायचं, पूर्ण थांबायचं, आणि भिंती जागेवर आल्या की मग हात सोडायचे.