डाग इथे, गळती तिथे

पहिला डाग उमटला तो बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर वर. भिंतीपलीकडे न्हाणीघर. तिथलं नळाचं काम होऊन जेमतेम चार महिने झाले होते. काम करणारे गृहस्थ आले, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "दमट हवेनं होतं असं, रंग मारून टाका." मी मारलाही. दीड महिन्यात त्या रंगाचे पोपडे जमिनीवर.

ओल हवेतून आली की भिंतीतून, हे ठरवायला अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा पुरतो. डागावर तो चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि एक-दोन दिवस थांबायचं. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला दव जमलं तर दोष हवेचा. आतल्या बाजूला जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. माझी फॉइल आतून ओलीचिंब निघाली.

मग पाण्याचा मीटर कसा काही दाखवत नव्हता? साधारण 20 थेंबांचं एक मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला सव्वाचार लिटर, चार महिन्यांत पाचशे लिटर. पण इतक्या संथ धारेनं घरगुती मीटरचं चाक बहुतेक वेळा हलतच नाही. शेवटी दुसऱ्या प्लंबरने सगळे नळ बंद करून लाइनला हातपंप जोडला, दाब चढवला आणि गेजकडे पाहत बसला. काटा हळूहळू उतरत गेला. ही चाचणी टाइल्स बसवण्याआधीच व्हायला हवी होती. नंतर करायची म्हणजे सापडलेल्या दोषापर्यंत पोचायला फोडाफोड आलीच.

फुटलेला सांधा निघाला डागापासून चांगला दोन मीटर लांब. पाणी खाली उतरतं हे आपल्याला ठाऊक असतं, पण विटेत आणि गिलाव्यात ते आडवं जातं, वरही चढतं. यालाच केशाकर्षण म्हणतात. 1 मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी साधारण 15 मिलिमीटर चढतं. त्रिज्या शंभरपट कमी केली तर दीड मीटर. विटेतली कित्येक छिद्रं याहूनही बारीक असतात. त्यामुळे डागाच्या बरोबर मागे भिंत फोडणं हा बहुधा वाया गेलेला खर्च.

कापून काढलेला एल्बो, म्हणजे नळीला वळण देणारा तो जोड, मी जपून ठेवलाय. सीपीव्हीसी या प्लॅस्टिकच्या नळीवर लावतात ते सॉल्व्हंट सिमेंट नुसता डिंक नव्हे. त्यातला द्रावक दोन्ही पृष्ठभाग मऊ करतो, दोन्हीकडच्या प्लॅस्टिकचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रावक उडून गेला की दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. मात्र एल्बोचं तोंड आतल्या बाजूला किंचित निमुळतं असतं. नळी पाव वळसा देत तळापर्यंत दाबली आणि लगेच सोडली, की ती गुपचूप मागे सरकते. म्हणून काही सेकंद धरून ठेवायची असते. माझ्या एल्बोत सिमेंटची खूण तळापर्यंत होती, नळी मात्र निम्म्यातच. इतकं पाहिल्यावर हवेला दोष देणाऱ्या गृहस्थांना मी पुन्हा फोन केला नाही.

सांधा बदलायला एक दुपार लागली. भिंतीचं दुखणं त्यापेक्षा लांबतं. पाणी विटेतले क्षार विरघळवून पृष्ठभागाशी आणतं, तिथे स्वतः उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक मागे राहतात. हाच तो लोणा. पांढरी भुकटी पुसता येते, पण स्फटिक गिलाव्याच्या आत वाढू लागले की छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात आणि गिलावा भुसभुशीत होऊन झडतो. रंगाचे पोपडे उडाले ते याच धक्क्याने. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये धोका सळईला. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, आणि ती काँक्रीट फोडून मिळवतो. ओल्या भिंतीत विजेचा बोर्ड असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा, बाकीचं मग.

वाळण्याचेही दोन टप्पे आहेत. सुरुवातीला पृष्ठभाग ओला असतो, तेव्हा पंखा आणि उघड्या खिडक्या भरपूर काम करतात. नंतर बाष्पीभवनाची जागा भिंतीच्या आत सरकते आणि बाष्पाला छिद्राछिद्रांतून वाट काढत बाहेर यावं लागतं. तिथे पंख्याचा फारसा इलाज चालत नाही. बांधकामवाल्यांचा ठोकताळा असा, की जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना. एवढ्यात वरून ऑइल पेंट मारला तर भांड्यावर झाकणच ठेवलं.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा फॉइल लावून पाहिली. आतल्या बाजूला अजून दोन-चार थेंब होते. रंगाचा डबा माळ्यावर ठेवून दिलाय.