शाम्पूत केस कधी आले?

इंग्रजीत 'शाम्पू' हे आधी क्रियापद होतं, बाटलीतली वस्तू ते नंतर झालं. आणि त्या क्रियापदाचा केसांशी, साबणाशी किंवा फेसाशी काडीचा संबंध नव्हता. १७६२ साली लंडनमध्ये छापलेल्या एका प्रवासवर्णनात चीनमध्ये व्यापाऱ्यांना शाम्पू करतात असं लिहिलंय. त्यात अंग रगडणं आहे, तऱ्हेतऱ्हेची हत्यारं आहेत, आणि आपल्याआधी इतरांची पाळी झालेली पाहिली नसती तर ती हत्यारं बघूनच धसका घेतला असता, अशी लेखकाची कबुलीही आहे.

शब्द मात्र चिनी नव्हे, आपल्या इकडचा. हिंदीतलं 'चाँपना' म्हणजे दाबणं. मराठीत त्या जागी आपण चेपणं म्हणतो: दमून आलेल्या माणसाचे पाय चेपायचे, आजीचे खांदे चेपून द्यायचे. चाँपनाचं आज्ञार्थी रूप 'चाँपो', आणि त्यातूनच बहुधा 'शाम्पू' आला, असं 'हॉब्सन-जॉब्सन' सांगतो. युल आणि बर्नेल यांचा हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ चा. त्यात शाम्पूचा अर्थ दिलाय तो थकवा घालवण्यासाठी स्नायू मळणं आणि दाबणं असा. व्याख्येत केसांचं नावही नाही. 'पकडो', 'बनाओ' हीसुद्धा त्या काळच्या साहेबी इंग्रजीत अशीच क्रियापदं होऊन बसली होती. भाषा शिकणारा माणूस एरवी धातू उचलतो. साहेबानं आज्ञार्थ उचलला, कारण हिंदीशी त्याची गाठ हुकूम सोडण्यापुरतीच पडत असावी. (या शब्दाचं नातं चाफ्याशी जोडणारी एक गोष्टही फिरत असते. ती सुगंधी आहे, पण तिच्यापेक्षा चेपणंच पटतं.)

हा शब्द इंग्लंडात खऱ्या अर्थानं रुजवला तो पाटण्याच्या माणसानं. दीन महोमेद, जन्म १७५९. पोरवयातच तो कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर फिरू लागला, १७८४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कला पोचला, तिथल्या जेन डॅलीशी त्यानं लग्न केलं, आणि १७९४ मध्ये आपल्या प्रवासाचं पुस्तक इंग्रजीत छापलं. भारतीय माणसानं इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. १८१० मध्ये लंडनच्या पोर्टमन स्क्वेअरजवळ त्यानं 'हिंदोस्तानी कॉफी हाउस' काढलं. हुक्का, रस्से, वेताच्या खुर्च्या असा सगळा थाट होता, पण दोन वर्षांत दिवाळं वाजलं.

मग तो ब्रायटनला गेला. समुद्राच्या पाण्यानं दुखणी बरी होतात म्हणून श्रीमंतांची तिथं रीघ लागलेली. दीननं त्यांच्यासाठी 'भारतीय औषधी बाष्पस्नान आणि शाम्पूइंग' सुरू केलं. रोग्याला आधी वनस्पती घातलेल्या वाफेत बसवायचं. घाम सुटला की त्याच्याभोवती फ्लॅनेलचा तंबू. त्या तंबूला बाह्या शिवलेल्या असत. चेपणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आत घाली आणि अंग रगडी. रोगी दिसायचा नाही, हात तेवढे काम करायचे. बरे झालेले लोक आपल्या कुबड्या तिथंच ठेवून जात आणि दीन त्या भिंतीवर टांगून ठेवी. यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो 'शाम्पूइंग सर्जन' झाला. १८५१ मध्ये ब्रायटनलाच वारला.

त्याच्या मागोमाग शब्दाचा अर्थ घसरत डोक्याकडे गेला. इंग्लंडातले केशकर्तनकार गिऱ्हाइकाच्या डोक्याला साबणाचं पाणी लावून टाळू चोळून देत आणि या चोळण्यालाही शाम्पूच म्हणत. १८६०च्या सुमाराला क्रियापदाचा हा नवा अर्थ छापील इंग्रजीत दिसू लागतो. पुढं चोळणं मागं पडलं, धुणं उरलं, आणि ज्यानं धुवायचं त्या द्रव्यालाच शाम्पू हे नाव चिकटलं. १९०३ मध्ये बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफनं पाण्यात कालवायची पूड बाजारात आणली. जड पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो ही तक्रार मात्र १९३४ मध्ये अमेरिकेत 'ड्रीन' आला तेव्हा मिटली. तो साबण नव्हता, कृत्रिम डिटर्जंट होता. आजची बाटली त्याच वंशातली.

आपल्याकडे हा शब्द परत आला तो बाटलीतूनच. १९८०च्या दशकात स्वस्त पुड्या आल्या आणि खेड्यातल्या टपरीवरही त्यांच्या माळा लटकू लागल्या. तोवर घरोघरी शिकेकाई उकळत होती, रिठे भिजत होते, आणि बायकांचा न्हायचा वार ठरलेला होता. 'न्हाणं' या एका क्रियापदात केस धुणं आलंच. शाम्पूला मराठीत क्रियापद होता आलं नाही. तो आपण 'लावतो', 'करतो', आणि तो 'संपतो'. हिंदी क्रियापदापासून निघालेला शब्द आपल्यापर्यंत नाम होऊन पोचला, म्हणून त्याला 'करणं' जोडायची पाळी आली. आता तर सोफ्यालाही शाम्पू करून देणारे भेटतात.

दीन महोमेदचा शाम्पू बघायचा असेल तर बाळंतिणीच्या घरी सकाळी जावं. तेलपाण्याला येणारी बाई पाय पसरून बसते, बाळाला नडग्यांवर आडवं घेते आणि तेलानं रगडते. त्याला चोळणं म्हणतात, मालिश म्हणतात. शाम्पू कुणीच म्हणत नाही. आणि गावातल्या पार्लरच्या दरपत्रकात 'शाम्पू' आणि 'हेड मसाज' अशा दोन वेगळ्या ओळी असतात, पैसेही वेगळे.