पोटातले दोन गोळे

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला, "मामा, कॉलेजची ट्रिप इमॅजिकाला चाललीय, सगळे निट्रोत बसणार म्हणतायत, मला आत्तापासूनच पोटात गोळा आलाय, बसू का नको?" निट्रो म्हणजे इमॅजिका पार्कातलं रोलर कोस्टर. खाली एक रील जोडलेलं, आणि त्याच्या कमेंट्समध्ये निम्मे लोक म्हणतायत हिंमत असेल त्यानेच बसा, निम्मे म्हणतायत हार्ट बंद पडतं. मी तिला "उद्या सांगतो गं" एवढंच लिहिलं पण झोप काही लागेना, कारण तिचा तो एक शब्द डोक्यात घुसून बसला. गोळा.

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द वापरतो. परीक्षेच्या हॉलबाहेर उभं असताना येतो तो एक गोळा. आणि एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलोय, ड्रायव्हरने स्पीडब्रेकर न बघता गाडी उडवली, बूड सीटवरून सुटलं, तेव्हा येतो तो दुसरा. जाणवायला दोन्ही जवळपास एकाच जागी जाणवतात म्हणून नाव एक पडलं, पण शरीरात दोघांची कारणं पूर्ण वेगळी आहेत, आणि माझं म्हणणं असं की रोलर कोस्टरमध्ये बसायचं का नाही हे ठरवायचं तर आधी आपल्याला त्रास नक्की कुठल्या गोळ्याचा होतोय ते कळलं पाहिजे.

पहिला गोळा भीतीचा. मेंदूला धोका वाटला की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, छाती धडधडते, तळहात घामेजतात, आणि पोटाकडचं रक्त कमी करून ते हातापायांच्या स्नायूंकडे वळवलं जातं, पळायची वेळ आली तर तयारी असावी म्हणून. पचनाचं काम तेवढ्यापुरतं मागे पडतं, तेच आपल्याला पोटात कसंतरी होतंय म्हणून कळतं. लक्षात घ्या, अजून काहीही घडलेलं नाही, आपण रांगेत जमिनीवर उभे आहोत. राईड दोन-एक मिनिटांची, रांग गर्दीच्या दिवशी तासभराची, म्हणजे हा गोळा राईडपेक्षा कितीतरी जास्त वेळ आपल्या सोबत असतो.

दुसऱ्या गोळ्याचा मात्र मी अगदी मनापासून चाहता आहे. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत व्हायब्रेशन टेस्टिंगचं काम करतो, दिवसभर मशीनला सेन्सर चिकटवून किती हादरा बसतो ते मोजायचं, आणि तसाच सेन्सर निसर्गाने आपल्या कानात बसवलाय हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला तेच सांगत होतो.

तर कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, दोन बारक्या पिशव्या आहेत. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, त्यांच्यावर जेलीसारखा थर, आणि त्या थरावर पसरलेले अतिबारीक खडे. हे खडे चक्क चुनखडीच्या जातीचे, शंखशिंपले ज्याचे बनतात त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे. इंग्रजी नाव ओटोलिथ, म्हणजे कानातले दगडच. डोकं वाकवलं की खडे वजनाने घसरतात, जेली ओढली जाते, तंतू वाकतात आणि मेंदूला खबर जाते. गाडीने पिकअप घेतला तर खडे मागे रेटले जातात, परत तंतू वाकतात. म्हणजे वजनाने घसरले का वेगबदलाने घसरले हे खड्यांना कळतच नाही, तंतू वाकला एवढंच त्यांना ठाऊक.

आता मजा बघा. आपण खरोखर खाली पडायला लागलो की खडेही पडतात, जेलीही पडते, कवटीही पडते, सगळे एकाच दराने, त्यामुळे कोणीच कोणावर दाब देत नाही आणि तंतू मोकळे होतात. जन्मल्यापासून जो दाब सेकंदभरही थांबला नव्हता तो गायब. पोटातही तेच होतं. आतडी, जठर, यकृत हे सगळं आत पडद्यांना लटकलेलं असतं, त्याचा भार कायम खाली ओढत असतो, तो भार एकदम सुटला की अवयव किंचित वर सरकतात आणि तिथल्या नसा मेंदूला कळवतात की इथे काहीतरी बदललंय. हा दुसरा गोळा. त्याचा धैर्याशी काही संबंध नाही, तो लढाऊ विमानाच्या पायलटलाही येतो.

१९०७ साली बर्नच्या पेटंट ऑफिसात बसलेल्या आइनस्टाइनला नेमकं हेच सुचलं होतं, की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडता पडता स्वतःचं वजन जाणवणार नाही. पुढे त्याने हा आपल्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा विचार म्हटलं, आणि त्यातून गुरुत्वाकर्षणाचा अख्खा नवा सिद्धांत उभा राहिला.

हे घरी करून बघता येतं. तुमच्या फोनमध्ये असाच सेन्सर आहे, सिलिकॉनचा इवलासा तुकडा इवल्याशा स्प्रिंगांवर. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप टाका, त्वरणाचा आलेख चालू करा. फोन टेबलावर निवांत पडलाय तर आकडा शून्य यावा असं वाटतं, पण येतो ९.८, शाळेत शिकलेला गुरुत्वाकर्षणाचा आकडा. आणि तोच फोन मीटरभरावरून जाड गादीवर सोडला, जेमतेम अर्ध्या सेकंदाचं पडणं, तर तेवढ्यात आकडा शून्याला टेकतो! स्थिर असताना ९.८ आणि पडताना शून्य, हे उलटं वाटतं ना, पण सेन्सर मुळात पृथ्वीची ओढ मोजतच नाही, तो खालच्या टेबलाने वर दिलेला रेटा मोजतो. कानातले खडेही तेच मोजतात. आपण ज्याला माझं वजन म्हणतो तो खरं तर खुर्चीचा रेटा आहे. ही ओळ दोनदा वाचावी लागली तरी हरकत नाही, मला स्वतःला समजायला बराच वेळ लागला.

नवरात्रात कालिका यात्रेत मी फोन शर्टाच्या खिशात घट्ट ठेवून आकाशपाळण्यात बसलो होतो. पाळणा अंदाजे दहा मीटर त्रिज्येचा, एका फेरीला साधारण बारा सेकंद. माथ्यावर आकडा सातच्या आसपास उतरायचा, तळाला साडेबाराच्या आसपास चढायचा. म्हणजे वरती आपण पाऊणपटीपेक्षाही थोडे हलके आणि खाली सव्वापट जड. एवढ्याशा फरकाने बायामाणसं किंचाळत होती, यावरून कानातला सेन्सर किती तिखट आहे ते समजा.

निट्रो हे त्याच्या बरंच पुढचं प्रकरण. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकातलं, स्विस कंपनीने बनवलेलं, पायाखाली फरशी नसलेलं, पाच वेळा उलटं करणारं. उंची सुमारे ४० मीटर. शाळेतलं सूत्र लावा, दोन गुणिले ९.८ गुणिले ४०, त्याचं वर्गमूळ, येतं सेकंदाला २८ मीटर, म्हणजे तासाला शंभर किलोमीटर. गाडीला इंजिन नाहीच, साखळीने एकदा वर नेऊन सोडली की पुढचा सगळा खेळ उंचीच्या उधारीवर.

लोकांना सर्वात जास्त भीती उलटं होण्याची वाटते, आणि नेमका तोच भाग इंजिनिअरांनी सर्वात जास्त घोटलेला आहे. लूप म्हणजे गाडीला उलटं करणारं रुळाचं उभं कडं. ते पूर्ण गोल असेल तर काय होतं बघा. माथ्यावर गाडी जेमतेम रुळाला चिकटून राहायची तर वेगाचा वर्ग हा त्रिज्या गुणिले जी एवढा लागतो, जी म्हणजे तेच ९.८. माथ्यावरून तळाला येताना दोन त्रिज्या उतरलो, त्याची भर पडून तळाला वेगाचा वर्ग पाचपट होतो. वर्तुळात फिरण्याचे पाच जी, अधिक स्वतःच्या वजनाचा एक, झाले सहा. आणि लूप लहान करा, मोठा करा, त्रिज्या समीकरणातून उडून जाते, सहाच्या खाली तुम्ही येऊच शकत नाही! सहा जी म्हणजे पाच किलोचं डोकं मानेला तीस किलोचं. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचा असाच गोल लूप होता, त्यात माना दुखावल्याच्या तक्रारी होत्या. शिवाय सरळ रुळावरून थेट गोलात शिरताना हा भार एका क्षणात येतो, आणि शरीराला भारापेक्षा भाराचा झटका जास्त बाधतो.

उपाय आपल्या कसारा घाटातच आहे. रेल्वेचा रूळ सरळ चालता चालता एकदम गोल वळत नाही, मधे एक हळूहळू आवळत जाणारं वळण टाकतात, म्हणून डब्यातल्या चहाचा कप सांडत नाही. तशा वक्राचं नाव क्लोथॉइड. १९७६ मध्ये जर्मन इंजिनिअर वेर्नर श्टेंगेलने हा वक्र कॅलिफोर्नियातल्या एका कोस्टरच्या उभ्या लूपला लावला, तळाला त्रिज्या मोठी, माथ्याला छोटी, उलट्या थेंबासारखा आकार. तेव्हापासून लूप गोल दिसत नाहीत, निट्रोचा फोटो झूम करून बघा.

आणि वर चढताना येणारा तो टक टक टक आवाज, ज्याने बहुतेकांचा पहिला गोळा आणखी घट्ट होतो, तो आवाजच आपला राखणदार आहे. गॅरेजमधल्या रॅचेट पान्याचं जसं असतं तसा गाडीखालचा खटका एकेका दातावर पडत जातो, साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ शकत नाही. चाकंही फक्त रुळावर नसतात, बाजूलाही असतात आणि रुळाच्या खालूनही असतात, त्यामुळे गाडी रूळ सोडून उडायचं म्हटलं तरी उडू शकत नाही.

जत्रेतल्या पाळण्यांना लिंबू-मिरची टांगलेली दिसते, सुरू करताना नारळ फोडतात. ज्याची त्याची श्रद्धा, पण पाळणा बोल्ट आणि वेल्डिंगवर उभा असतो, आणि ते रोज सकाळी कोणीतरी हाताने तपासायला लागतात. लेकराला बसवण्याआधी लिंबू बघू नका, पट्टा लॉक होतोय का आणि पाळणेवाला माणूस तो स्वतः ओढून बघतोय का ते बघा. तसाच दुसरा एक फॉरवर्ड फिरतो, की रोलर कोस्टरने मुतखडा पडतो. २०१६ चा अमेरिकेतला प्रयोग खरा आहे, पण तो माणसांवर झालेलाच नव्हता, सिलिकॉनचं मूत्रपिंड बॅगेत घालून एकाच राईडवर अनेक वेळा फिरवलं. त्यावरून मुतखड्याचा इलाज रोलर कोस्टरवर शोधू नका, डॉक्टरकडे जा. त्यातला कामाचा भाग वेगळाच आहे, मागच्या सीटवर ३६ पैकी २३ खडे निसटले, पुढच्या सीटवर २४ पैकी फक्त ४. म्हणजे मागे धसमुसळेपणा जास्त. कारणही सोपंय, अख्खी गाडी एकत्र जोडलेली, पुढचे डबे उतारावर पळायला लागलेले असतात तेव्हा शेवटचा डबा माथ्यावरून जोरात ओढला जातो. मधल्या रांगा सर्वात सौम्य.

हार्ट बंद पडण्याचं म्हणाल तर जर्मनीत मॅनहाइमच्या डॉक्टरांनी ५५ निरोगी लोकांना मोठ्या कोस्टरमध्ये बसवून ईसीजी काढले होते, ठोके नव्वदच्या आसपासवरून दीडशेच्या पुढे गेले. निरोगी माणूस जिने पळत चढला तरी तिथे पोचतो. पण हृदयाचा आजार, वाढलेलं बीपी, मान-पाठीचं दुखणं, नुकतंच ऑपरेशन, गरोदरपण यातलं काहीही असेल तर बसायचं नाही, तिथे हिंमतीचा प्रश्नच येत नाही.

हे सगळं मी भाचीला दुसऱ्या दिवशी लांबलचक व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, आणि एक काम दिलं. गंगापूर रोडच्या बागेतल्या मोठ्या झोक्यावर जा, उंच चढव, मागून खाली येताना जो गोळा येतो तो आवडतो का बघ. तो आवडत असेल आणि त्रास फक्त रांगेतल्या गोळ्याचा असेल तर बसायला हरकत नाही, कारण रांगेतला गोळा पहिल्या उतारानंतर आपोआप मागे पडतो. रांगेत स्वतःला "शांत हो, शांत हो" म्हणत बसू नकोस, धडधडणारं हृदय हुकमाने शांत होत नाही. हार्वर्डच्या संशोधक ॲलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये गाणं, भाषण आणि गणित अशा तिन्ही ठिकाणी दाखवलंय की शांत व्हायच्या प्रयत्नापेक्षा "मला उत्सुकता वाटतेय" असं म्हणणाऱ्यांचं काम जास्त चांगलं होतं, कारण भीती आणि उत्सुकता दोन्हीत धडधड तीच असते. डोकं मागे टेकव, डोळे उघडे ठेवून पुढचा रूळ बघ म्हणजे कान आणि डोळ्यांचं भांडण होणार नाही, आणि सकाळी झणझणीत मिसळ नको, थोडं काहीतरी साधं खाऊन जा. आणि झोक्यावरचाच गोळा नकोसा वाटत असेल तर खाली उभी राहून बाकीच्यांच्या बॅगा सांभाळ, त्यात कमीपणा काही नाही, काहींच्या कानातला सेन्सर जास्त तिखट असतो इतकंच.

काल तिने झोक्यावरचा फायफॉक्सचा आलेख पाठवला, खालून वर, वरून खाली, छान लाटा. खाली लिहिलं होतं, "दुसरा आवडला. पहिला अजून आहे. मधल्या रांगेत बसतेय." ट्रिप पुढच्या शनिवारी आहे. फोन मात्र राईडवर नेता येणार नाही, खाली लॉकरमध्ये ठेवावा लागणार, त्यामुळे निट्रोचा आलेख काही मला मिळायचा नाही.