पाठीवरचा वारा

अलिबागहून नवगावला सायकलने जायचं तर दुपार टाळावी. समुद्रावरून वारा सुटला की तो तोंडावर येतो, पायडल जड होतं आणि रस्ता संपता संपत नाही. परतताना तोच वारा पाठीशी असतो. पहिली दोन मिनिटं बरं वाटतं, मग त्याचा विसर पडतो. घरी पोचल्यावर माझ्या तोंडी असतो तो समोरचा वारा. पाठीवरच्या वाऱ्याने मला आणून सोडलं, हे मी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

शाई दाविदाई आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली नेमकी हीच वाऱ्याची उपमा घेऊन एक शोधनिबंध लिहिला. माणसाला अडथळे पटकन आठवतात, मदत आठवत नाही, हे त्यांनी वेगवेगळ्या लोकांना प्रश्न विचारून दाखवलं. आईवडील माझ्याशीच जास्त कडक वागले, असं भावंडांपैकी प्रत्येकाला वाटतं. कारण साधं आहे. अडथळा पार करायला लक्ष द्यावंच लागतं आणि ज्याकडे लक्ष दिलं ते स्मरणात राहतं. मदत मात्र लक्ष न देताही आपलं काम करून जाते.

हे वाचलं तेव्हा मला बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा आठवा अध्याय आठवला. चाळीस वर्षं वाळवंटात काढून इस्राएल लोक यार्देन नदीच्या काठाशी आलेत, पलीकडे सुपीक देश दिसतोय आणि त्यांचा पुढारी मोशे त्यांना बजावतोय. त्याला भीती वाळवंटाची वाटत नाही, भरल्या घराची वाटते. तुम्ही पोटभर जेवाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील आणि तेव्हा परमेश्वराला विसराल, असं तो म्हणतो. पुढे तो आठवण कशाची करून देतो ते बघा: इतक्या वर्षांत तुमच्या अंगावरचे कपडे विरले नाहीत, तुमचे पाय सुजले नाहीत. सुजलेला पाय रात्रभर ठणकतो आणि जन्मभर लक्षात राहतो. न सुजलेल्या पायाची नोंद कोण ठेवतं? परमेश्वराचं विश्वासूपण बहुतेक वेळा अशा न घडलेल्या गोष्टींतच असतं, म्हणून ते मुद्दाम आठवावं लागतं. नम्रता, कृतज्ञता आणि आज्ञापालन यांचं मूळही मला याच आठवण्यात दिसतं.

त्याच अध्यायात माणसाच्या मनातलं एक वाक्य मोशे आधीच ओळखून सांगतो: ही संपत्ती मी माझ्याच हाताच्या बळावर मिळवली. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली नवराबायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं, की घरातल्या कामांत तुमचा वाटा किती? दोघांचे आकडे जोडल्यावर बहुतेक जोडप्यांची बेरीज पूर्णापेक्षा जास्त भरली. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. आपण घासलेलं भांडं आपल्या हाताला आठवतं, दुसऱ्याने घासलेलं आपण पाहिलेलंच नसतं. म्हणून नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणं, असं मला वाटत नाही. हिशेबात राहून गेलेल्या नोंदी भरून घेणं, एवढाच तिचा अर्थ मी घेते.

आणि मग कृतज्ञता. जेवून तृप्त झालात की परमेश्वराचा धन्यवाद करा, असं हा अध्याय सांगतो. ज्यू घरांत जेवणानंतर म्हणायची प्रार्थना याच वचनावर उभी आहे. भुकेल्या माणसाला ताट समोर आल्यावर देव सहज आठवतो. विसर पडतो तो हात धुतल्यावर. आठवणीची खूण नेमकी तिथे बांधून ठेवली आहे. ‘अमुक घडलं की तमुक करायचं’ असं आधी ठरवून ठेवलेलं काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते, हे पीटर गोल्विट्झर यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांनी २००३ साली काही विद्यार्थ्यांना दर आठवड्याला आभार मानण्यासारख्या पाचपर्यंत गोष्टी लिहायला लावल्या. त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा हे विद्यार्थी आयुष्याबद्दल अधिक समाधानी दिसले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम लहानच भरला, हेही सांगायला हवं. मला त्याचं दुःख नाही. आभार हे औषध म्हणून मानायचे नसतातच.

राहिलं आज्ञापालन. दहा आज्ञांमधली शब्बाथाची, म्हणजे शनिवारी काम थांबवण्याची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते. निर्गम पुस्तकात हिब्रू शब्द आहे ‘जाखोर’, म्हणजे आठवण ठेव. अनुवादात त्याच जागी आहे ‘शामोर’, म्हणजे पाळ. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसतात, आणि ते किती खरं आहे हे आपल्या कोकणात दिसतं.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून आले आणि सात जोडपी वाचली. त्यांच्या पोथ्या समुद्रात गेल्या. पिढ्यांमागून पिढ्या ते घाण्यावर तेल गाळत राहिले, मराठी बोलू लागले, किहीमकर, पेणकर, रोहेकर झाले. हिब्रू जवळजवळ विसरली. पण शनिवारी घाणा बंद राहायचा, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागलं. मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हायची, खाण्याचे नियम पाळले जायचे आणि प्रत्येक प्रसंगी ‘शेमा इस्राएल’ (हे इस्राएला, ऐक) ही प्रार्थना म्हटली जायची. टिकलं ते हेच, जे हाताने केलं आणि तोंडाने पुन्हा पुन्हा म्हटलं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आठवण नुसती जपून ठेवल्याने टिकत नाही. ती वरचेवर बाहेर काढावी लागते. दर शनिवारी घाणा थांबला की तेल्याच्या घरातलं लहान पोर विचारणारच, आज काम का नाही? आणि कुणीतरी सांगणारच.

त्या लोकांचा मलिदा मी एकदा जवळून पाहिला. नवस फेडायला, लग्नाआधी, संकट टळल्यावर तो करतात. परातीत भिजवलेले पोहे, त्यात गूळ आणि ओलं खोबरं, वर वेलची, कडेने फळं मांडलेली. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना झाली. हिब्रू शब्द म्हणताना मागे बसलेली एक आजी मान डोलावत होती. अर्थ विचारला तर म्हणाली, “सगळा नाही येत गं. पण चुकत नाही.” मग तिने खोबरं जास्त आलेली मूठ माझ्या हातावर ठेवली.