जर्नलिझम ते जनसंवाद : पाटीवरच्या शब्दामागची गोष्ट

नागपुरात पत्रकारिता वर्गात बसून शिकायची सोय १९५२ साली झाली. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मिशन कॉलेजात, सिराक्यूज विद्यापीठातून फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आलेल्या एका अमेरिकन प्राध्यापकाने विभाग उभा केला. शहर तेव्हा मध्य प्रदेशाच्या राजधानीचे. इंग्रजी पत्र १९११ पासूनचे, रेडिओ केंद्र १९४८ चे, हिंदी-मराठी दैनिके शेजारी शेजारी. १९५६ मध्ये राजधानी गेली, विभाग राहिला. पुण्याचा विभाग नागपूरच्या विभागानंतर बारा वर्षांनी आला, हे इथले लोक आवर्जून सांगतात. मीही सांगतो.

तेव्हा नावाचा घोळ नव्हता. जर्नलिझम म्हणजे जर्नलिझम. घोळ झाला तो पुढे ‘मास कम्युनिकेशन’ आले तेव्हा. मुंबईने ‘संज्ञापन’ घेतले, पुण्याने ‘वृत्तपत्रविद्या’ न सोडता त्याला ‘संज्ञापन’ जोडले, वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात ‘जनसंचार’, आणि नागपूर विद्यापीठाच्या पाटीवर ‘जनसंवाद’. ‘संचार’ म्हटले की मराठी माणसाला आधी संचारबंदी आठवते, तेव्हा तो शब्द टाळला ते बरेच झाले. पण ‘संवाद’ही सरळ नाही. संवादाला समोरून उत्तर लागते. आकाशवाणीच्या बातम्यांना कोण उत्तर देतो? ‘संज्ञापन’ म्हणजे कळवणे, म्हणजे अर्थाला तोच शब्द चोख. फक्त फॉर्म भरताना दहातले चार जण तो ‘संज्ञापण’ लिहितात. बोलायला सोपा शब्द जिंकला, एवढाच याचा अर्थ.

पाटीबरोबर वेळापत्रकही बदलले. पदवीनंतर एक वर्षाचे बी.जे. (पत्रकारितेची पदवी), मग एक वर्षाचे एम.जे. (पदव्युत्तर), ही जुनी वाट. संध्याकाळी वर्ग, तिथून थेट दैनिकातला रात्रपाळीचा डेस्क, असे करणारे पुष्कळ होते. एम.ए. आले, सेमिस्टर आली, आणि जनसंपर्क, जाहिरात, चित्रपट, आता पॉडकास्ट हे सगळे त्याच दोन वर्षांत बसवावे लागले. डिसेंबरातल्या अधिवेशनाला पास मिळवून विधानभवनात जाणे तेवढे टिकले आहे.

मला खटकतो तो भाषांतराचा आखडलेला पेपर. पूर्वी वृत्तसंस्थेची तीन परिच्छेदांची इंग्रजी बातमी, वीस मिनिटे, वर सहा शब्दांचा मराठी मथळा. ‘सेड दॅट’चे ‘असे ते म्हणाले’ दर वाक्याला लावले की सर लाल शाईने फक्त ‘ते’ला गोल करायचे.