नागरी वृक्षलागवड, सातारा

सातारा शहराच्या पेठा, उपनगरे, रस्ते व मोकळ्या जागा यांत सावली, गारवा आणि पाण्याचा मुरावा यांसाठी झाडे लावण्याची व जगवण्याची पद्धत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेल्या या शहरात बऱ्याच ठिकाणी मातीचा थर पातळ असून खाली मुरूम व काळा पाषाण लागतो. जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक, तर माण तालुक्यात ५०० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. सातारा शहर या दोहोंमधल्या पट्ट्यात येते. म्हणून घाटमाथ्यावरील सदाहरित जातींपेक्षा पानझडी जाती येथे अधिक खात्रीने तग धरतात.

गुलमोहर : साताऱ्यातील लागवडीची चर्चा या झाडाला वगळून होत नाही. साधारण १९९९ पासून दरवर्षी १ मे रोजी येथे ‘गुलमोहर दिन’ साजरा होतो. चित्रकार, कवी व गायक बहरलेल्या झाडांखाली जमतात. मात्र हे झाड (डेलोनिक्स रेजिया) मूळचे मादागास्करचे. बोजर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात ते प्रथम १८४० च्या सुमारास मुंबईत शिवडी भागात लावले गेले, असे बहुधा सांगितले जाते. हे साल काटेकोर मानू नये, पण फार मागेही नेता येत नाही. साताऱ्यातील एखादा जुना गुलमोहर थोरल्या शाहूंच्या काळातील किंवा छत्रपती प्रतापसिंहकालीन (१८०८–३९) असल्याचे सांगितले, तर ते ग्राह्य धरणे कठीण आहे. १८४८ मध्ये संस्थान खालसा झाल्यानंतर हे झाड येथे पोहोचले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक.

नावाच्या व्युत्पत्तीबाबत एकमत नाही. ‘गुल’ म्हणजे फूल हा फारसी शब्द सर्वमान्य आहे. उत्तरपदाचा अर्थ कोणी नाणे (मोहोर), कोणी आंब्याला येतो तो मोहर, तर कोणी मोर असा लावतात. हिंदीतील ‘गुलमोर’ हे रूप आणि इंग्रजीत शंकासुराला दिलेले ‘मोरफूल’ या अर्थाचे नाव पाहता तिसरा पक्ष बळकट वाटतो. आंब्याच्या मोहराशी जोडलेला अर्थ मराठी कानाने नंतर बसवला असावा. याच प्रजातीतील पांढऱ्या-पिवळसर फुलांचा संखेसर वेगळा. दोहोंची गल्लत करू नये.

रस्त्याकडेचे झाड म्हणून गुलमोहराच्या मर्यादा स्पष्ट आहेत. मुळे उथळ पसरतात, लाकूड ठिसूळ असते, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. फुलण्याआधी पाने झडत असल्याने ऐन मार्च-एप्रिलमध्ये सावली विरळ होते. करंजाला नेमकी त्याच सुमारास कोवळी पालवी फुटते. शोभेसाठी मोकळ्या मैदानात गुलमोहर जरूर असावा. अरुंद गल्लीत, विजेच्या तारांखाली मात्र करंज, बहावा, तामण, कांचन किंवा बकुळ लावणे शहाणपणाचे. वड, पिंपळ व उंबर यांना ऐसपैस जागा हवी, ती असेल तेथे त्यांना पर्याय नाही. त्यांच्या फळांवर पाखरे जगतात.

लागवड व निगा : खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू देतात. मुरमाड जागी २ × २ × २ फुटांहून लहान खड्डा घेऊ नये. खणलेला मुरूम बाजूला सारून पोयटा व शेणखत भरावे. चांगला पाऊस झाल्यावर, मृग-आर्द्रा नक्षत्रांत, पुरुषभर उंचीचे रोप लावतात. खरी कसोटी पुढच्या फेब्रुवारीपासून सुरू होते. आळे, पालापाचोळ्याचे आच्छादन व आठवड्याचे पाणी किमान तीन उन्हाळे टिकले तरच झाड आपले होते. रोप लावणारे हात पुष्कळ मिळतात. एप्रिलात बादली उचलणारे कमी पडतात. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट बसवल्याने मोठी झाडेही वाळतात, आणि न काढलेली लोखंडी जाळी सालीत रुतते.

कायदा : महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नगरपालिका क्षेत्रास लागू असून तोडीस वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षांवरील झाडास ‘वारसा वृक्ष’ ठरवले व तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. शाहूपुरी, विलासपूर हे भाग २०२० च्या हद्दवाढीने शहरात आल्याने हा कायदा तेथेही लागू होतो.

डोंगरउतार : अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील लागवडीला उन्हाळी वणव्याचा धोका असतो. तेथे रोपांभोवतीचे गवत दिवाळीनंतर कापून जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) राखावी लागते.